खिळ्यांची पेटी

“एस्टीत परक्याच्या बोलण्याला कान देऊ नये, ते घरापर्यंत येतं,” असं आई म्हणायची. उज्ज्वलानं ते हसण्यावारी नेलं होतं. त्या दिवशी तापलेलं लेकरू मांडीवर घेऊन ती बीडच्या दवाखान्याला निघाली होती, आणि पुढच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“काल टँकर येऊन गेला, मंजुळे. हंडे कोरडेच.”

“त्रिंबकअण्णानं पेटी काहून वाजवली न्हाई?”

“कुणाला ठावं! एवढी खपून केली, सायकलीची चेन, खिळे ठोकलेला डबा, पत्र्याच्या पट्ट्या. लिंबागणेशच्या वळणावर टँकर दिसला की हँडल फिरवायचा, अन् समदं गाव हंडे घिऊन पळायचं.”

“रुसला आसल. तू खुळा म्हणालीस त्याला.”

“लई लाडाचा! लेक-सून कारखान्याच्या उसावर, घरात एकटा. नखरे कुणाला दावतो?”

“सकाळी गेलतीस ना भांडायला?”

“गेलते की. आतून कडी. हाका मारल्या, ओ देईना. म्हटलं, बस कुढत.”

बाजाराच्या गावी दोघी पिशव्या सावरत उतरल्या. लेकरू कण्हलं, एस्टी हलली, उज्ज्वला बसूनच राहिली.

तुम्ही त्या वाटेनं गेलात, तर लिंबागणेशच्या वळणावरचं त्रिंबकअण्णाचं घर तेवढं बघाल का? नुसती हाक मारून परतू नका, कडी आतून आहे.