परमुलखातून बेण्याला मागणी

“गरीब हाय गं सून, निस्ती गाय… पर गायीला एवढी बाप्यांची कार्डं कशापायी येत्यात?”

हे माझ्याबद्दल! तुम्हाला सांगते, मी न्हाणीत होते, पत्र्याच्या दाराआड, तोंडाला साबण, आणि बाहेर आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई हो, शेजारच्या मुक्ताबाईंना अगदी हळू आवाजात सांगत होत्या. आता आत्यांचा हळू आवाज कालव्याच्या पलीकडं ज्याला ऐकू जाणार नाही, त्यानं आपले कान तपासून घ्यावेत! मुक्ताबाई म्हणाल्या, “समदी बाप्येच?” “समदी! त्यात येक पोलंडचा हाय.” “अगं बाई! पोलंडचा!” जणू बाकीच्यांचं चाललं असतं! मी काय बोलणार? मी आपली गप्प.

कसली कार्डं म्हणता? अहो, लग्नाआधी पाच वर्षं मी पुण्याच्या प्रयोगशाळेत एका पेशीकडं बघत बसले होते. पाव फुगवायला यीस्ट घालतात ना, त्याची पेशी. एकीच्या दोन होतात, पण होण्याआधी ती जरा थांबते, सगळं जागच्या जागी आहे ना बघते, मग पुढं जाते… तर तिला ‘थांब’ म्हणतं कोण? एवढाच प्रश्न. पाच वर्षं! ‘थांब’ म्हणणारं एक जनुक सापडलं, त्यावर माझा लेख छापून आला, तोही नेमका हळदीच्या आठवड्यात. आणि शास्त्रज्ञांत तेव्हा रीत अशी, की दुसऱ्याचा लेख हवा असला की कार्ड टाकायचं, कृपया एक प्रत पाठवा. कार्ड येणार प्रयोगशाळेत, आमच्या गाइड विजयमाला मॅडम पत्ता खोडून लिहिणार ‘मुक्काम पोस्ट लासुर्णे’, आणि पोस्टमन मानसिंगभाऊ ते मला देण्याआधी साऱ्या आळीला वाचून दाखवणार! “वैनी, जपान आलंय! डिअर म्हणतोय!” दारातनं. मोठ्यानं.

आणि इकडं माझं काय अडलंय ते कुणाच्या गावीही नाही! पीएचडीचं काम अर्धं राहिलेलं, मॅडमनी दिवाळी झाली की या म्हणून बजावलेलं, आणि आमचे सासरे, आबा, विषय काढला की ‘बघू’. हे? आमचे हे? आबांपुढं ह्यांची पेशी कायमची थांबलेली!

मग ब्राझीलचं कार्ड आलं, आणि आबांनी मला ओसरीवर बोलावलं. आत्या खांबाला टेकून, मुक्ताबाई वाटीभर साखर न्यायला आलेल्या त्या वाटी धरून तशाच, हे स्वतःची नखं बघत. आबांनी कार्ड उलटं धरलं, सुलटं धरलं. “ही मान्सं तुझ्याकडं मागत्यात तरी काय?” मी आतून लेखाची एक प्रत आणून पुढ्यात ठेवली. “ह्ये तू केलंस?” मी मान हलवली. “आन त्यांस्नी ह्येच पायजे? त्यांच्या तितं लावायला?” पुन्हा मान. आणि आबांचा चेहरा असा उजळला म्हणता… “आरं, बेणं मागत्यात व्हय!”

आता उसाच्या गावात बेणं म्हणजे काय सांगू तुम्हाला! एखाद्याचा फड साधला, की लागणीला त्याच्याच उसाच्या कांड्या, म्हणजे बेणं, न्यायला लांबलांबचे ट्रॅक्टर दारात लागतात, आणि त्या माणसाला गाव आपणहून रामराम घालतं. विद्वत्तेचं इतकं सोपं माप मॅडमनासुद्धा कधी सांगता आलं नव्हतं! आबा तर सुटलेच. “ब्राझीलात नजर जाईल तितवर ऊस, आन त्यो गडी मागतोय लासुर्ण्यात! ऋषिराज, नखं काय बघतोस, उद्या पाकिटं आण. कुणाला न्हाय म्हनायचं न्हाय. त्या पोलंडवाल्याचं पयलं बांध!” आत्यांनी पदर सारखा केला, “मी कवाधरनं म्हनतीया, सून गुणाची हाय.” कधीधरनं? मी गप्प.

आणि मग आबा म्हणाले… इतक्या मायेनं म्हणाले हो… “मग पोरी, आता पुण्याला कशाला जातीस? बेणं तर तयार झालं. हितं बसून वाटायचं की!”

झालं! उभं पीक एका वाक्यात आडवं! आता गप्प बसले तर जन्मभर पाकिटंच चिकटवायची. ह्यांच्याकडं बघितलं, तर नखं अजून संपली नव्हती. घसा खाकरला.

“आबा, तुम्ही तेच बेणं किती वर्षं लावता?”

“तीन. फुडं उतारा घसरतो, रोग बी धरतो…” फटकन बोलले आणि तसेच थांबले. मुक्ताबाईंची साखर सांडली, पण खाली कोण बघतंय! “म्हंजी… नवं बेणं तितं पुण्यातच करावं लागंल म्हन की.”

“व्हय.” माझ्या तोंडून ‘व्हय’ आलं, बघा!

“मग जा सोमवारी. बारामतीपत्तूर मी येतो, पुण्याच्या एसटीत बसवून देतो. पर येक सांग, नवं बेणं हाताशी कवा येईल? फुडच्या लागणीला?”

तोंड उघडलंच होतं, म्हटलं खरं काय ते सांगून टाकावं.

“मॅडमना बावीस वर्षं झाली, आबा… त्यांची अजून नांगरटच चाललीय.”