नऊ नंबरचा गुलाबी शेंगदाणा

चाकूचा रंग कोणता, म्हणे! अहो, रंग मला ठाऊक असता तर तुमच्यापासून लपवून काय करायचंय मला? पाती किती? ठाऊक नाही. लांबी? ठाऊक नाही. मुठीला हाड, लाकूड की शिंग, तेही ठाऊक नाही. हातात कधी पडणार, तर ‘पानगळीच्या आसपास’, आणि पानगळ कुठल्या सालची, हे विचारायची सोय नाही! पण यादीत नाव टाकलं ना? टाकलं. मग टाकलं म्हणजे टाकलं!

तुम्हाला सांगतो, आमच्या बक लिक गावात माझं हार्डवेअरचं दुकान आहे, बापापासूनचं, आणि दर शनिवारी सकाळी दुकानाच्या मागल्या बाजूला शेगडीभोवती आमचं चाकूमंडळ बसतं. बसतं म्हणजे काय, तर साठ-एकसष्ट बाप्ये आपापल्या खिशातला घडीचा चाकू काढतात आणि देवदाराची काटकी तासत बसतात. तासून काय बनवतात? कचरा बनवतात! तो मी झाडतो.

तर हे मंडळ वर्षाला एक चाकू बनवून घेतं, वर उत्तरेला पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कारखान्याकडून. जुन्या घाटणीचा, उघडताना ‘टच्’ वाजणारा, पात्यावर मंडळाचं नाव आणि ज्याचा त्याचा नंबर. आता शहाणी माणसं काय करतील? आधी चाकू ठरवतील, मग पैसे भरतील. आमच्याकडे उलटं! आधी नाव, नावाबरोबर पैसे, आणि चाकू कसा असेल ते मागाहून. हा नियम माझ्याच बापाचा. तो म्हणायचा, “हर्शेल, एकसष्ट माणसं, एकसष्ट मतं. आधी ठरवायला बसलो तर चाकू व्हायचाच नाही. आधी सगळ्यांना पिंजऱ्यात घे, दार लाव, आणि मग काय भांडायचं ते भांडू दे!”

हा नियम झाला, आता नंबराचं ऐका. माझा नंबर नऊ. बापाचा होता. त्याच्या बोटांतली ताकद गेली, पातं उघडेना, त्या दिवशी त्यानं चाकू टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, “पेनी आहे का रे खिशात?” आमच्याकडे चाकू फुकट देत नाहीत. फुकट दिलेला चाकू माया कापतो म्हणतात. मी एक पेनी, म्हणजे एका सेंटचं नाणं, ठेवली, त्यानं उचलली, चाकू माझा झाला. आणि चाकूबरोबर नंबर! कारण गेल्या वर्षीचा चाकू ज्याच्या हातात, नंबर त्याचा. पण एक वर्ष जरी नाव मागं घेतलंत, तर तुमचा नंबर गेला, आणि मागचा माणूस एक पायरी वर चढला.

आणि माझ्या मागं दहा नंबरवर कोण? ऑर्व्हिल टॅकेट! नदीकाठी गळाला लावायचे किडे विकतो. एकतीस वर्षं माझ्या पाठीवर श्वास सोडत उभा आहे. भेटला की पहिला प्रश्न, “हर्शेल, तब्येत बरी ना रे? जरा फिकट दिसतोस.” गेल्या वर्षी मला नुसती शिंक आली तर हा सूप घेऊन हजर!

तर गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी नाव टाकलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं. आर्डिथनं विचारलं, “कसा आहे?” म्हटलं, ठाऊक नाही. “किती पात्यांचा?” ठाऊक नाही. तिनं हातातला डाव खाली ठेवला.

“हर्शेल कोम्ब्स, दुकानात चाळीस वर्षं पाटी कुणी लावलीय? ‘आधी हातात घ्या, मग विकत घ्या.’ कलिंगड घेताना सात-सात वाजवून बघतोस. मागच्या उन्हाळ्यात त्या बाईच्या ठेल्यावर तू कलिंगडाला कान लावून इतका वेळ उभा होतास, की तिला वाटलं माणूस झोपला! आणि इथं न बघता?”

“टाकलं म्हणजे टाकलं!” मी म्हटलं. आणि ताट पुढं ओढलं.

मे महिन्यात कारखान्याचं पत्र आलं. तीन पात्यांच्या मोठ्या चाकूसाठी लागणाऱ्या पोलादी पट्ट्या यंदा मिळत नाहीत, तेव्हा दोन पात्यांचा लहान चाकू करू. या आकाराला आमच्या धंद्यात ‘शेंगदाणा’ म्हणतात, आणि उगीच म्हणत नाहीत. माझा हात बघा! फावडं आहे फावडं. या हातात शेंगदाणा धरायचा म्हणजे रेड्यानं सुई ओवायची!

ऑर्व्हिल त्याच दिवशी दुकानात. एक खिळा घेतला. एकच! “हर्शेल, माघार घ्यायची तर लाजू नकोस हं. या वयात डोळे, बोटं... कुणी नावं ठेवणार नाही.” म्हटलं, ऑर्व्हिल, शेंगदाणा काय, तीळ आला तरी नऊ नंबर आमचा आहे. टाकलं म्हणजे टाकलं!

मग आलं मुठीच्या रंगाचं मतदान. कॉफीच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या. रंग चार: तपकिरी, हिरवा, काळा, आणि कारखान्यानं आपला यादी भरायला म्हणून लिहिलेला गुलाबी. डबा उघडायला आमचे पाद्री एस्टिल, त्यांचा आवाज कसा, तर रविवारी चर्चमध्ये बोलायला लागले की घंटा थरथरते. काढली पहिली चिठ्ठी. “गुलाबी!” सगळे खो-खो हसले. दुसरी. “गुलाबी.” हसले, पण जरा कमी. “तपकिरी... गुलाबी... गुलाबी...” पाद्रीबाबांचा आवाज बारीक होत चालला, मांजराच्या पिल्लासारखा. शेगडीतलं लाकूड तडतडलेलं ऐकू यायला लागलं. एकसष्टपैकी अडतीस. गुलाबी!

आणि मग जो गलका उठला! “मी आपली गंमत केली!” “अरे, मीही गंमतच केली!” “मला वाटलं, आपलं एकट्याचं मत, कोण विचारतो!” अडतीस माणसं, खाणीत काम केलेली, तंबाखू चघळणारी, ट्रक उचलणारी, आणि प्रत्येकाला वाटलेलं की गावात विनोदी तेवढा मीच! एस्टिलबाबा छताकडे बघत म्हणाले, “देवा, मला क्षमा कर, मीसुद्धा.” एकटा म्हातारा ग्रोव्हर, चौऱ्याऐंशीचा, शांतपणे काटकी तासत म्हणाला, “मी गंमत नाही केली. मला गुलाबी आवडतो.”

आता तुम्ही मला विचाराल, हर्शेल, तुझं मत कुठलं? ... विचारू नका. अहो, विचारू नका म्हटलं ना! ... गुलाबी. झालं समाधान? ऑर्व्हिलचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं मला. बघितलं. त्यानं एकट्यानंच तपकिरीला मत दिल्याचं तोंड केलं होतं. पण गुलाबीवाल्या अडतिसांतलाच तो सदतिसावा!

पुन्हा मतदान? नाव काढू नका. डबा एकदाच उघडायचा, हाही नियम आहे. कुणाचा? माझ्या बापाचाच!

दुसऱ्या दिवसापासून लोक दुकानात यायचे आणि म्हणायचे, “हर्शेल, एक बादली दे. रंग, आकार काही सांगू नकोस, बूड आहे की नाही तेही सांगू नकोस, पैसे घे!” आर्डिथ हसायची. एस्टिलबाबा हसायचे. मी म्हटलं, हसा. नऊ माणसं माघार घेतील, दहा घेतील, मी घेणार नाही. गुलाबी असो, झालर लावलेला असो, बापाचा नंबर किडेवाल्याच्या खिशात जाणार नाही!

पानगळीच्या आसपासचा चाकू नाताळच्या आधी दोन दिवस आला. डबी उघडली. काय सांगू... बोटाएवढा, पोरीच्या वाढदिवसाच्या केकवर शोभावा असा. पात्यावर बारीक ‘९’. मी तो लपवला नाही! वरच्या खिशात ठेवला, दिसेल असा. गिऱ्हाईकाचं पोतं उघडायचं, काढ गुलाबी. पुडा फोडायचा, काढ गुलाबी. एक ट्रकवाला जाड दोरखंड घ्यायला आला. भिंतीवर दोर कापायची मोठी सुरी टांगलेली, तिच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. शेंगदाण्यानं कापायला लागलो. ट्रकवाल्यानं एक कॉफी प्यायली, दुसरी प्यायली, बायकोला फोन केला. अकरा मिनिटं लागली. पण कापला की नाही? कापला!

आणि इथं माझं नशीब बघा. जानेवारीत एका दुपारी मी घरी जेवायला बसलो होतो, उकडलेला घेवडा आणि मक्याची भाकरी, आणि आर्डिथ समोर बसून वर्तमानपत्रातली सवलतीची कुपनं कापत होती. म्हणाली, “दे बघू तुझा तो.” दिला. तिनं कापलं एक, कापलं दुसरं. “टच्” करून मिटला, “टच्” करून उघडला. “हाताला किती छान बसतो रे!” आणि माझ्या ताटाशेजारी काहीतरी ठेवलं. अहो, चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेला माणूस मी! समोर नाणं ठेवलं की डोकं विचारत नाही, हात आपोआप जातो. तोंडात घास, हातात पेनी, पेनी खिशात. आणि चाकू तिच्या पर्समध्ये! घास गिळला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, जाऊ दे, चाकूच आहे ना, घरातच आहे.

फेब्रुवारीत यादी भिंतीला लागली. मी पेन घेऊन ऐटीत गेलो. नवव्या ओळीत नाव: आर्डिथ कोम्ब्स.

“हे काय, पाद्रीबाबा?”

एस्टिलबाबा म्हणाले, “चाकू तिच्याकडे, पेनी तुझ्याकडे. नियम तुझ्या बापाचा, हर्शेल.” दहाव्या ओळीपाशी ऑर्व्हिल उभा. मला वाटलं, हा आता नाचणार. पण त्याचं तोंड माझ्यापेक्षा उतरलेलं! त्याच्या पुढं आता माझ्याहून सात वर्षांनी लहान बाई, आयुष्यात एकदाही न शिंकलेली.

घरी जाऊन मी ओरडलो, “अगं, आकार ठाऊक नाही, पाती ठाऊक नाहीत, आणि खुशाल न बघता नाव टाकलंस?”

कुपन कापता कापता म्हणाली, “टाकलं म्हणजे टाकलं.”

तेव्हा मंडळी, यंदा मी आपला शेवटच्या ओळीत आहे, बासष्टावा. नऊ नंबर तिच्या पर्समध्ये, पेनी माझ्या खिशात. आणि रोज दुपारी ती ग्रोव्हरला आणि बाकीच्या सगळ्यांना फोन करत बसलेली असते, मतदानाचं काहीतरी बोलत.

रंग मला काय विचारता? तिला विचारा!