सर्जेरावाच्या खालचं स्टूल

गड्यांनो, मिलिटरीच्या बॉक्सिंग चॅम्पियनला मी एकट्यानं भुईवर पाडलंय! म्हंजे, पाडणारच हुतो. पर आधी मीच पडलो.

त्यो चॅम्पियन म्हंजे आमचा सर्जेराव, आता चाळिशीला टेकलाय. साताऱ्यात लागोपाठ दोन लढती हरला आन् तोंड पाडून माझ्या च्याच्या टपरीवर आला.

"आबा, मी म्हातारा झालो, का समोरचं गडी तगडं याय लागलं, तेच कळंना. रविवारच्या लढतीतनं नाव काढून घेतो."

"आधी च्या तर पी," मी म्हणालो. मनात म्हटलं, थांब, तुझी परीक्षाच घेतो! तो कप घेऊन बसाय वाकला, आन् मी हळूच मागनं स्टूल वढलं. पडला तर म्हातारा!

पर गडी पडतोय कुठला! तसाच अधांतरी बसला आन् वर फुर्रकन घोट घेतला. थेंब सांडला न्हाई! मी मात्र स्टुलासकट मागं गेलो, ते थेट कपबशा धुवायच्या टबात! अख्खी टपरी हसून लोळाय लागली.

सर्जेरावानं एका हातानं मला वर काढलं.

"आवं आबा, आता तुमीच सांगा. तुमी म्हातारं झालाय, का समोर गडी तगडा आला?"