धुवण कुठं गेलं

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मागच्या काकांनी पाठ भिंतीला टेकवली तरी चालेल, डोळे तेवढे उघडे ठेवा. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. वाईट ते काढून टाकलं, असं आपण रोज म्हणतो. टाकलं म्हणजे — कुठं?

सोपं वाटतंय? मग ऐका.

सिन्नरकडच्या माळावर एक कारखाना. तिथं मोबाइलात बसणाऱ्या चिपा घडतात. त्यासाठी चकत्या असतात — लहान भाकरीएवढ्या, आरशासारख्या. त्या घासून गुळगुळीत करायच्या, आणि घासलेला गाळ पाण्यात. त्या पाण्यात दोघं नांदतात. एक गॅलियम — दुर्मिळ धातू, चांदीसारखा, आणि इतका मायाळू की तळहातावर ठेवला तर वितळतो! दुसरा आर्सेनिक. आजीला विचारा, ती म्हणेल सोमल. विष. आणि चकतीत हे दोघं एकमेकांना घट्ट धरून असतात. असतात अशा जोड्या — शेजारी बघू नका.

या पाण्यावर रसायनतज्ज्ञ म्हणून नेमलेली ऋजुता दांगट, वय सव्वीस. तिनं साहेबांना शब्द दिला होता, यातून गॅलियम परत काढून दाखवीन. वर्षभर खपली बिचारी. पाण्याचा आंबटपणा नेमका राखला की गॅलियमचा पांढरा साका दह्यासारखा तळाशी बसतो. सोमल वरच्या पाण्यात राहतो. ते पाणी लोखंडाचा क्षार घातलेल्या तांबड्या हौदात न्यायचं, तिथं सोमल गाळाला धरून खाली जातो. पण साक्याला थोडा सोमल चिकटायचाच. तीन नमुने नापास. साहेब म्हणाले, "शनिवारचा शेवटचा. नाही जमलं तर हे काम बंद."

हौदांवर होते लहानूमामा गांगुर्डे. तीस वर्षं गावच्या खंडोबाला अंघोळ घालणारा माणूस. ते म्हणाले, "ताई, तुम्ही याला धुताच कुठं? नुसतं पाणी दाखवता. देवाला असं न्हाऊ घालतात का?"

"मग तुम्ही घाला, मामा."

मामांनी घातलं. सात पाण्यांनी, लेकराला घालावं तसं. शनिवारी दुपारी नमुना पास! साहेबांनी पेढे मागवले.

पेढा ऋजुताच्या हातातच राहिला. साक्यातला सोमल गेला, ठीक. पण सोमल काही जळून जात नाही, विरून जात नाही. इथं नाही, तर मग आहे कुठं?

"मामा, ते धुवण कुठं सोडलंत?"

"स्वच्छ हौदात की. एवढ्या मोलाच्या वस्तूच्या अंगावरचं पाणी, ते विषाच्या हौदात कसं ओतू?"

हसू नका, मंडळी. देवाच्या अंगावरचं पाणी आपण तीर्थ म्हणून पितो. त्या हातांना दुसरं काय सुचणार?

स्वच्छ हौदाची झडप रोज चारला उघडते, पाणी ओढ्याला जातं. ओढ्यावर मामांचंच गाव. मामांची बहीण शेवंता, तिच्या शेळ्या तिथं पाणी पितात. घड्याळात सव्वातीन.

ऋजुतानं हौदातलं पाणी बाटलीत घेतलं, त्यात तपासणीची पूड टाकली, बाटलीच्या तोंडावर तपासणीचा कागद लावला. सोमल नसला तर कागद पांढरा राहतो. दोघं बघत बसले.

"शेवंताची चंद्री शेळी गाभण आहे," मामा हळूच म्हणाले.

कागद पिवळा पडला. मग तपकिरी.

आता बघा मन काय म्हणतं. ओढ्यात पातळ होईल. कुणाला कळणार? आजच तर पास झालीस! तुमचं-माझं मनही हेच म्हणतं, तिला वेगळं कुठून मिळणार? कामाच्या पायऱ्यांचा कागद तिनंच लिहून भिंतीवर लावला होता, तो वाचला. अकरा ओळी, सगळ्या गॅलियमच्या. सातवी ओळ — 'साका नीट धुवावा.' धुवणाचं काय करावं? एक अक्षर नाही.

तिनं झडपेला कुलूप घातलं आणि फोन लावला. "सर, हौद अडवलाय. नवं पाणी घ्यायला जागा नाही. चकत्या घासणं थांबवा."

"किती वेळ?"

"दोन दिवस."

"आज पेढे खाल्ले, आणि आजच?"

"आजच, सर. चूक माझ्या कागदात आहे."

मामा म्हणाले, "माझं नाव सांगा, ताई. मी ओतलं."

"मी लिहिलं तेच तुम्ही केलंत, मामा. मी चांगल्याचं तेवढं लिहिलं होतं."

दोन दिवस सगळं पाणी तांबड्या हौदातून फिरलं. सोमवारी कागद पांढरा राहिला. साहेबांनी त्या अकरा ओळी बोटानं मोजल्या. मग म्हणाले, "बारावी लिही आणि काम चालू ठेव." तांबडा गाळ वाळवून पिंपात बंद केला, विषारी कचऱ्याच्या जागी पाठवायला.

मंगळवारी त्या साक्यातून काढलेला गॅलियमचा खडा ऋजुताच्या तळहातावर वितळला. सगळा कारखाना गोळा! मामा तेवढे दिसेनात. बघते तर मामा मागं, पिंपाचं झाकण आवळतायत.

"मामा, चला ना. तुम्ही न्हाऊ घातलंय त्याला."

"तिकडं बघायला बरीच माणसं आहेत, ताई. याच्याजवळ कुणीतरी पाहिजे."

मंडळी, कामावरचा राग आपण मनातून काढतो, आणि घरी येऊन थाळीसमोर बसलेल्या माणसावर ओततो. मन स्वच्छ झालं म्हणतो. झालं असेल. धुवण कुठं गेलं?

आता पंगत बसेल. पाचशे पानं उठतील, कढया घासल्या जातील. मांडवामागं उतार आहे आणि उतारावर विहीर आहे. ते पाणी कुठं जाणार, ते आधी चौघांनी उठून बघून या. तोवर मी इथं उभा आहे. पहिला घास मग घेऊ.