सपाट रेघ

...नाही हो दादा, काल संध्याकाळीच बंद पडलं, फोनवर सांगितलं ना! हवेतला ओलावा ओढणारं दुसरं मशीन नाही आमच्याकडे — आणि ही निळी पावडर, हिला साठवताना ओलावा अजिबात चालत नाही. तुम्ही खोला, मी बोलत राहते, गप्प बसवत नाही मला आज. मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क म्हणतात हिला. म्हणजे काय? म्हणजे धातूचे खांब, त्यांना जोडणाऱ्या कार्बनच्या तुळया, आणि आत नुसत्या रिकाम्या खोल्या — चमचाभर पावडर उलगडली तर खेळाचं मैदान भरेल! पट्टीवर हिचा लेप द्यायचा, पट्टी पाण्यात बुडवायची. पाण्यात विषारी शिसं असलं की ते येऊन त्या खोल्यांत बसतं, आणि वीज सोडली की पडद्यावरची रेघ टुणकन उडी मारते. रेघ सपाट, तर पाणी चांगलं. उद्या पाहुणे येणारेत हे बघायला. आमच्या लॅबच्या मोठ्या मॅडमनी गावभर सांगून ठेवलंय — पुलापलीकडच्या वस्तीत घरोघरी पट्ट्या वाटणार! आणि आता हे असं. तुम्ही फक्त एवढं सांगा त्यांना, की मशीन जळलं, पावडर वाया गेली. सांगाल ना? तुमचं ऐकतील त्या. माझं कुठे ऐकतात?

काय? प्लग? काढलेला होता? असेल. झाडताना निघाला असेल कुणाच्या हातून — मला काय ठाऊक! असे बघू नका माझ्याकडे. चहा सांगू? राहता कुठे तुम्ही? पुलापलीकडे! अरे देवा. नाही, काही नाही. मुलगी आजारी आहे? पोट दुखतं — सारखं? बाटली कशाला काढताय? घरचं पाणी... नको दादा, आज नको — बरं, बरं, द्या. थांबा जरा, पट्टी बुडवते. हं. सपाट.

अहो, हसताय काय? फोन कुणाला लावताय? वहिनींना? काय सांगणार — पाणी चांगलंय, काळजी करू नकोस म्हणून? ठेवा तो फोन! परवा नळाच्या पाण्यात मी माझ्या हाताने शिसं टाकलं — रेघ सपाट. आणखी टाकलं — सपाट! नळाच्या पाण्यातले क्षार लागले की खांबच कोसळतात, खोल्याच उरत नाहीत, मग शिसं बसणार कुठे? इथल्या डिस्टिल्ड पाण्यात शिसं घातलं तरच नाचते रेघ. इतकी वर्षं मी — जाऊ दे. प्लग मीच काढला. मॅडमना तोंडावर सांगायची छाती झाली नाही माझी. आता तुम्ही त्यांना काय सांगायचं ते सांगा, पण आधी — उचलला वहिनींनी? द्या इकडे. द्या म्हणते ना! हॅलो, वहिनी, मी ही पट्टी बनवणारी बोलतेय. पट्टी खोटी आहे. पाण्यात काय आहे ते मला माहीत नाही, पण मुलीला ते देऊ नका. काय म्हणालात? उकळून देता? रोज?

उकळून नाही जात हो ते.