करडी घोडी हरवली आहे

नाही, तुम्हीच सांगा, दुधासारखी पांढरी घोडी, तिला करडी म्हणायचं? का, तर म्हणे जन्मली तेव्हा काळपट होती, आणि जाणकारानं 'पांढरी' म्हणणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा! हे आमचे वकीलसाहेब. दर रविवारी तबेल्यात येतात, घोड्यावर कमी आणि शब्दावर जास्त बसतात. समोर डॉक्टरीणबाई, "करडी कसली? निळी म्हणा, निळी! जुने लोक निळीच म्हणायचे!" आता निळी! मी खरारा करणारा, सातवीत शाळा सुटलेली… मला कोण विचारतंय?

तर तुम्हाला सांगतो, त्या रविवारी दोघं उघड्या फाटकातच भांडत उभे, आणि घोडी त्यांच्या मधून, मान खाली घालून, नवराबायकोच्या भांडणातून पाहुणा सटकावा तशी निघून गेली! मी मागे पाणी भरत होतो. दिवसभर बोलतो ते तिच्याशीच हो… खोलीवर गेलं की चार भिंती आणि एक खाट.

मग पाटी लिहायची ठरली. मी हळूच म्हटलं, "पांढरी लिहू या?" वकीलसाहेब चष्म्यावरून, "लेका, लोक हसतील!" तासभर खल करून लिहिलं, 'करडी घोडी हरवली आहे', आणि खाली नंबर माझा! ज्या फोनवर कंपनीच्या मेसेजशिवाय काही येत नाही, तो खणखणायला लागला! "अहो, दारावरून आत्ता एक घोडी गेली, पण पांढरीशुभ्र. तुमची नव्हे!" मी म्हटलं, "तीच, तीच आमची!" तर, "पाटीवर करडी आणि आता पांढरी? चोर आहेस काय रे?" ठेवला! असे चार दिवस. मी काही म्हणायला जावं, तर… मला कोण विचारतंय?

पाचव्या दिवशी एका धोबीणमावशीचा फोन, "दादा, इथं घाटावर माझ्या चादरींपाशी एक पांढरी उभी आहे, तुमची नसणारच… पण तुमची सापडली का रे? काही खाल्लंस का तू?" रडूच फुटलं मला. अनवाणी धावलो. घोडीनं माझ्या खांद्यावर मान टाकली, ती उचलेचना.

आता रविवारी नवा वाद, 'हरवली' की 'सुटली'! भांडू देत. फाटकाला कडी मी घालतो. पाटी मात्र अजून उतरवलेली नाही. अधूनमधून फोन येतो, "करडी सापडली का हो?" मागे घोडी चारा खात फुरफुरत असते आणि मी सांगतो, "नाही हो, अजून नाही…"

काय करणार? सापडली म्हटलं, तर उद्यापासून मला कोण विचारतंय!