रबराचं टोपण

— बंद करू नकोस. चालू राहू दे म्हटलं ना! किल्लीवरचा हात काढ, खाली उतर आणि तिकडे उभा राहा, टायरांच्या ढिगापाशी. ऐक. वर जाते, खाली येते, वर जाते, खाली येते — जिना चढून दम लागलेल्या म्हातारीसारखी. चौकात थांबलास की विझते, बरोबर? पायाने रेस देत देत आणलीस इथपर्यंत, बरोबर? मग मला कशाला सांगतोस काय होतंय ते. हाज लख्दरला गाडीचं दुखणं सांगावं लागत नाही, एकतीस वर्षं झाली या शेडला, विचार या अल-वाद गावात कुणालाही. थ्रॉटल. दुसरं काय असणार! इंजिनाचा घसा तो, आणि तुम्ही लोकांनी त्याचा उकिरडा करून ठेवलेला असतो. तीन दिवस शहीलीचा वारा सुटलाय, चहाच्या पेल्यात वाळू, रोटीत वाळू, नमाजाला वाकलं की कपाळाला वाळू, आणि तुम्हाला वाटतं गाडी तेवढी तोंड मिटून चालेल. ती काय नुसतं पेट्रोल पिते? हवा खाते ती, हवा! आणि ती हवा आत जाते कुठून, ते कुणी बघत नाही. मग येतात — हाज, गाडी ओढत नाही. फिल्टर काढावा तर टायरवर आपटून आपटून कागद फाटलेला, नाहीतर हवेच्या पाइपने बाहेरून आत फुंकलेला, म्हणजे होती नव्हती ती वाळू आणखी आत. आतून बाहेर फुंकायचं असतं रे, हे शेंबड्या पोरालाही कळतं! परवा एक शहाणा आला, त्याने थ्रॉटलची झडप स्क्रू ड्रायव्हरने ढकलून उघडली — का, तर फवारा आत नीट जावा म्हणून! विजेवर चालणारी झडप ती, आतले दाते मोडले. रडत बसला इथे. मी म्हटलं, रड, पण बाहेर जाऊन रड. तुझा फिल्टर कुणी पाहिला शेवटचा? काय? मोठ्याने बोल की. घरी? सगळं घरीच साफ होतं? घरी म्हणजे कुठे, अंगणात, कोंबड्यांच्या पिसांत? वा! मग आम्ही इथे कशाला — थांब. परत बोल. काहीही बोल. नाव सांग तुझं.

लमीन. वाटलंच मला. खजुरवाल्यांचा लमीन. या, या, जावईबापू! सहा वर्षं माझं शेड दिसलं की गल्ली बदलत होतास, आज बरी वाट सापडली. आणि आल्यापासून उभा आहेस तो गप्प, चोरासारखा — सांगता आलं नाही, मी अमुक म्हणून? ओळखलं नाही म्हणजे काय, मला काय तुझं तोंड पाठ आहे? ऊन डोळ्यावर येत होतं. ऊन नाहीये? मग धूळ असेल! डोळ्यांचं माझ्या तुला काय करायचंय, गाडीचं बोल. आणि हसू नकोस. हसत नाहीयेस? बरं. नको हसूस.

तिने पाठवलं म्हणतोस. नाव घेऊ नकोस तिचं, या शेडमध्ये ते नाव कुणी घेत नाही. तिकडे दोन-दोन गॅरेजं सोडून इथेच ने म्हणाली? आणि तू आलास, निमूट. मी निकाहाच्या फातिहाला आलो नाही, माझ्या भावाने माझ्या जागी वली होऊन मुलगी दिली तुला, माझ्या उरावर बसून दिली — आणि आता गाडी खोकायला लागली तेव्हा सासरा आठवला. घेऊन जा तुझी गाडी. जा! ... नाही, थांब. आता उघडतोच. बंद कर ती किल्ली. बॅटरीची वायर काढ, तेवढं तरी येत असेल. तुझ्या डोळ्यांदेखत उघडतो आणि आतली काजळी दाखवतो तुला, बोटाने काढून, आणि ते फडकं घरी घेऊन जा आणि तिला दाखव — म्हणावं, हा बघ तुझ्या बापाकडे शिकलेल्या हातांचा गुण. बापाचं घर सोडून गेलीस, कला पण सोडून गेली तुला. हे बघ, पांढरं शुभ्र फडकं. क्लिप सैल केली, पाइप काढला, झडप एका बोटाने — अशी, हलकेच, दार लोटल्यासारखी — आणि कडेकडेने पुसायचं, झडपेच्या मागे पण, मागची बाजू कुणी पुसत नाही. घे. काळंकुट्ट झालं ना? बोल ना, झालं ना काळं?

काय म्हणजे पांढरं? दे इकडे. थट्टा करतोस माझी? दे! ... पांढरंच असणार. हो, दिसलं मला. मला दिसतंय.

या क्लिपचा स्क्रू डाव्या बाजूला वळवलाय. हात लावून बघ. जगात सगळे मेकॅनिक तो उजवीकडे ठेवतात, हाताशी येतो म्हणून. डावखुऱ्या माणसाला मात्र डावीकडे हवा असतो. किती वेळा ओरडलो तिच्यावर, अगं, माझं मनगट मोडतं, सरळ लाव — पालथ्या घड्यावर पाणी. नऊ वर्षांची होती तेव्हा पहिल्यांदा शेडमध्ये आली, माझ्या जेवणाचा डबा घेऊन, आणि बसली ती बसलीच. चौदाची झाल्यावर लोक बोलायला लागले, हाजची मुलगी ग्रीस लावून फिरते. मग मी बंद केलं तिचं येणं. म्हणजे येणं बंद केलं, काम नाही. परातीत घालून घरी न्यायचो ना मी! थ्रॉटल, वर फडकं झाकलेलं, लोकांना वाटायचं हाज घरी मिठाई नेतोय. अंगणात बसून ती पुसायची, कापसाने, काडीने, बोटाच्या टोकाने, आणि सकाळी मी ते घेऊन यायचो आणि गिऱ्हाइकाला सांगायचो, बघ, आरसा केलाय आरसा. लांब तुगुर्तहून माणसं यायची, लख्दरच्या हाताला यश आहे म्हणत. लख्दरच्या हाताला! झाकली मूठ सव्वा लाखाची. पाच स्थळं परत पाठवली मी — एकाचं घर लांब, एकाची आई भांडकुदळ, एकाचं काहीच वाईट नव्हतं, तरी पाठवलं. का पाठवलं म्हणून विचारलंस मला कधी? नको विचारूस. तू सहावा. तुझ्यात तर मला खोट काढायला पण वेळ दिला नाही तुम्ही लोकांनी, काकाला मध्ये घातलंत. — हे मी तुला का सांगतोय? तू कोण माझा? गाडी दाखवायला आलास ना, मग गाडीपुरतं ऐक.

थ्रॉटल स्वच्छ आहे, मग गाडी का धापा टाकते? हा प्रश्न तुला पडला नाही, कारण तुझ्या डोक्यात खजुराच्या बिया भरल्यात. हवा दुसरीकडून घुसतेय. न मोजलेली, चोरटी हवा. लाव पाइप परत, जोड वायर, चालू कर. आणि ती रबराची नळी दे, भिंतीवरची, हातभर लांब. एक टोक कानात, दुसरं टोक इंजिनावर फिरवायचं, डॉक्टर फिरवतो तसं. बोलू नकोस. श्वाससुद्धा तिकडे जाऊन घे. ... इथे नाही. इथे नाही. ... हं. शिट्टी. बारीक, सापासारखी. मागे, खाली, जिथे हात घातला की कोपर सोलतं. इथे एक आखूड तोंड असतं, कामाचं काही नाही, त्याच्यावर रबराचं टोपण बसवलेलं असतं एवढंसं, बोराएवढं. ते नाहीये. पडलं असेल म्हणतोस? ते पडत नाही, दातओठ खाऊन ओढावं लागतं. आणि पडलं असतं तर तोंड उघडं असतं ना. तोंडावर काहीतरी — काय आहे हे? कापड? नाही. पायमोजा. बायकांचा, नायलॉनचा तुकडा, घट्ट ताणून बांधलेला.

बंद कर गाडी.

वाळवंटात जाणारे ड्रायव्हर फिल्टरवर बांधतात तो, वाळू अडावी म्हणून. हवा जाते, वाळू जात नाही. म्हणजे ज्याने टोपण काढलं, त्याने गाडी बिघडवली, पण इंजिनात एक कण जाऊ नये म्हणून वर पडदा पण बांधला. असा चोर पाहिलायस कधी? घर फोडायचं आणि जाताना दाराला कडी लावायची! आणि ही गाठ. ही गाठ हातमागावर बसणाऱ्या बायका मारतात, तुझ्या सासूने शिकवलेली, दोन फेरे आणि एक उलटा. उलटा फेरा डावीकडून घेतलाय.

तुझी सासू! शुक्रवारी झाकलेलं कुसकुसचं भांडं घेऊन बहिणीकडे जाते म्हणते. बहीण मरून चार वर्षं झाली. मला काय कळत नाही, भांडं कुणाच्या घरी जातं ते? ताजं लोणी घालते वर, मला घालत नाही. तिनेच लेकीला सांगितलं असणार — की हाजच्या दोन्ही डोळ्यांत ढग उतरलाय, की गेल्या वर्षी एकाची झडप उलटी बसवून दिली, की गिऱ्हाईक येतं आणि बघून परत जातं. दवाखान्यात जा म्हणते मला! आंधळा म्हणून दवाखान्यात जाणारा मेकॅनिक, ऐकलंयस कधी? मी रागावलो तर रागावलो, पण ही पोरगी... बघ ना. डोळ्यांनी शोधावी लागेल अशी खोड केली नाही तिने. काजळी ठेवली नाही, चीर पाडली नाही. कानाने सापडेल अशीच केली. दुसऱ्या कुठल्याही गॅरेजमध्ये नेली असतीस तर थ्रॉटल पुसून पुसून झिजवला असता त्यांनी, आणि सापडलं नसतं. माझ्यासाठी केलीय ती. माझ्या कानांसाठी.

काय बघतोस? धूळ गेलीय डोळ्यात, म्हटलं ना एकदा.

नाही. बसवणार नाही. हा डबा बघ, हलवून बघ, टोपणांनी भरलाय, सगळ्या मापांची आहेत, आत्ता दाबलं तर बसेल. नाही बसवणार. तुझे पैसे तुझ्याकडे ठेव, मी काही केलेलं नाही. गाडी तशीच घेऊन जा, धापा टाकत जाऊ दे गावभर, लोकांना ऐकू दे. ते टोपण जिच्या मुठीत आहे ना, तिनेच आणून बसवायचं. इथे. या शेडमध्ये, दिवसाढवळ्या, पुढचं दार उघडं ठेवून, परातीत झाकून नाही. सकाळी आठला शटर उघडतो मी. आणि तू येऊ नकोस, तुझं इथे काही काम नाही — गाडी ती चालवत आणेल. मब्रूका. जा आता. जा म्हटलं ना! उजेड अडवून उभा आहेस.